चांदमारीबाहेरचा नेम

'चांदमारी' हा शब्द आता मराठवाड्यात फारसा कानावर पडत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सोडली तर बाकीच्यांना तो समजावून सांगावा लागतो. मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे उभी केलेली पाटी, पाटीवर काळा गोल. तो गोल म्हणजे चांद आणि त्यावर गोळ्या झाडण्याचा सराव म्हणजे चांदमारी. छावणी म्हटली की चांदमारी आलीच. आमच्या रेणापूरला जवळची छावणी अंबाजोगाईची, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादची. हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ तिथे असे. खर्च निजामाच्या माथी, हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा, अशी ही फौज १९०३ साली हिंदी सैन्यात सामावून गेली.

मुक्तिसंग्रामाच्या आठवणी, चरित्रे आणि खटल्यांच्या हकिकती वाचत असताना गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. कुणी कुणावर पिस्तूल रोखले, गोळी कधी सुटली, फाशी कुठे झाली, हे आपल्याकडे तपशिलाने लिहिलेले असते. पण ज्यांच्यासाठी चांदमारी बंद होती त्यांनी नेम धरायला शिकायचे कुठे? इतिहासकारांनी हत्याराचा प्रवास लंडनपासून नाशिकपर्यंत टिपला; हाताच्या सरावाचा प्रवास मात्र बाजूला राहिला. माझ्या मते आपल्या सशस्त्र चळवळींचे बरेचसे यशापयश या दुसऱ्या प्रवासात दडलेले आहे.

आधी थोडे गणित सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. सिनेमात पिस्तूल ही सर्वांत सोपी वस्तू दिसते. प्रत्यक्षात बंदुकांच्या सगळ्या जातींत अचूक नेम धरायला सर्वांत अवघड तीच. कारण तिची लांबी. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात पिस्तुलावर अंतर असते साधारण १६ सेंटिमीटर. माशी खाचेत अवघी १ मिलिमीटर इकडेतिकडे झाली, तर २५ मीटरवर गोळी साडेपंधरा सेंटिमीटर बाजूला जाते. तीच १ मिलिमीटरची चूक ६४ सेंटिमीटर अंतर असलेल्या रायफलीवर झाली तर गोळी चारच सेंटिमीटर सरकते. त्यात रायफलीला खांदा आणि गाल यांचा टेकू असतो, पिस्तुलाला फक्त मनगट. म्हणून जाणकार सांगतात की चाप ओढायचा नसतो, सावकाश दाबत न्यायचा असतो. नजर लक्ष्यावर नव्हे तर माशीवर ठेवायची असते. लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालते. ही गोष्ट सांगून समजते, पण अंगात मुरायला हजारो वेळा चाप दाबावा लागतो. आणि चाप दाबायला काडतूस लागते, जागा लागते, आवाज झाला तरी कुणी धावत येणार नाही अशी मोकळीक लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या लोकांकडून नेमकी हीच मोकळीक गेली.

त्याआधी ती होती. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. लहुजींचा जन्म १७९४ चा, म्हणजे पेशवाई त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. त्यांच्याकडे कुस्तीबरोबर दांडपट्टा, तलवार आणि निशाण मारणे शिकवले जाई. जोतीराव फुले तरुणपणी तिथे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले. वासुदेव बळवंत फडकेही त्याच आखाड्यातले. एका मातंग वस्तादाच्या हाताखाली माळ्याचा आणि ब्राह्मणाचा मुलगा नेम धरायला शिकतो, हे चित्र त्या काळातल्या पुण्यात फारसे कुठे दिसणारे नव्हते; पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच पाहायचे की नेम धरणे ही तालमीत शिकायची, वस्तादाने सुधारायची विद्या होती. लपून करायची गोष्ट नव्हती.

१८५७ नंतर निःशस्त्रीकरणाचे कायदे येऊ लागले आणि १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा पक्का झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगता येणार नाही, हा त्याचा गाभा. नियमांनी युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध वारंवार मागणी झाली ती या भेदभावामुळे. कायद्याने हत्यार गेले हे सगळे सांगतात. मला वाटते, त्याहून मोठे नुकसान वस्तादाचे झाले. लपवलेले पिस्तूल पिढ्यान्‌पिढ्या माळ्यावर राहू शकते. शिकवणाऱ्याची परंपरा एका पिढीत तुटते.

फडक्यांचे बंड कायद्यानंतर वर्षभरात, १८७९ च्या फेब्रुवारीत उभे राहिले. त्यांच्याबरोबरचे रामोशी अजून हत्याराला सरावलेले होते, आणि पुढे माणसे कमी पडली तेव्हा फडके वळले ते निजामाच्या मुलखाकडे. इंग्रजी कायदा तिथे तसाच्या तसा लागू नव्हता. अरब आणि रोहिले हे पोटासाठी हत्यार बाळगणारे लोक तिथे गावोगाव होते. रोहिल्यांशी बोलणी चालू असतानाच २० जुलै १८७९ रोजी देवर नावडगी इथे ते पकडले गेले. त्यांना पकडणाऱ्यांत इंग्रज मेजर डॅनिएलबरोबर निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक होता.

पुढच्या तीन घटना सरावाच्या दृष्टीने एकापुढे एक ठेवून पाहिल्या की कायद्याचा परिणाम स्पष्ट दिसतो.

२२ जून १८९७. गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकर रँडच्या गाडीमागे चढले आणि पाठीत गोळी घातली. बाळकृष्णांनी आयर्स्टच्या बाबतीत तेच केले. अंतर म्हणाल तर हाताचे. त्यांच्या धाडसाबद्दल लिहिताना हा तपशील सहसा धाडसाच्या खात्यावर टाकला जातो. तो तसा आहेही. पण ज्याला नेमाचा सराव नाही त्याच्यापुढे दुसरा मार्गही नसतो, असे मला वाटते. गाडीमागे चढणे ही नेमाच्या अभावाची भरपाई होती.

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात शारदा नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तूल रोखले. हे पिस्तूल सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी. त्या काळातले अत्याधुनिक हत्यार. कान्हेरे मूळचे खेड तालुक्यातल्या आयनीचे, पण शिकायला औरंगाबादला राहिलेले. म्हणजे आपल्या मराठवाड्याचा या प्रकरणाशी संबंध आहे आणि तो आपण फार थोडा सांगतो. अठरा वर्षांचा मुलगा, समोर चार पावलांवर माणूस, आणि पहिली गोळी चुकली. मग त्याने पुढे होऊन चार गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. चार पावलांवरून पहिली गोळी चुकते यात त्या मुलाचा काही दोष नाही. लंडनहून वीस पिस्तुले आणता येतात. ती झाडून पाहायला एक निर्जन माळ आणि पेटीभर काडतुसे आणता येत नाहीत.

२२ जुलै १९३१. फर्ग्युसन कॉलेजच्या ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर अगदी जवळून गोळी झाडली. ती छातीवरच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि हॉटसन वाचला. इथे नेम बरोबर होता, नशीब चुकले, असे म्हणता येईल. पण एका बटणाने अडावी अशी ती गोळी किती जुनी होती, काडतूस किती दिवस कुठे दडवलेले होते, हा प्रश्न मला त्या बटणाहून महत्त्वाचा वाटतो. सराव असला की माणूस काडतुसावरही शंका घ्यायला शिकतो.

आता आमच्या भागाकडे येतो.

७ ऑगस्ट १९४७ रोजी स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याचा लढा सुरू केला. रझाकार संघटनेचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. रझाकारांचा उपद्रव वाढला तशी माणसे सरहद्दीपलीकडे जाऊ लागली. आमच्या बाजूची बार्शी-सोलापूरकडे, नांदेडची उमरखेडकडे. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी होती. तिच्या डब्यांतून गेलेल्या कुटुंबांच्या कथा आमच्याकडे घराघरांत आहेत. सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. करोडगिरी नाक्यांवर हल्ले, गावांचे रक्षण, सरकारी दप्तरे जाळणे ही त्यांची कामे. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली गेली, ती चळवळीला पैसा हवा म्हणून. उदगीरजवळच्या हत्तीबेटावर रझाकारांशी झुंजी झाल्या. अहिंसेची शपथ घेतलेल्या संघटनेत हत्यार हाती घ्यावे की नाही यावर वाद झाला. तरीही कॅम्पांत हत्यारांचे शिक्षण सुरू झाले.

या कॅम्पांतला सराव कसा होता? आमच्या तालुक्यातले एक वृद्ध, जे पोरवयात बार्शीच्या बाजूच्या कॅम्पात होते, त्यांनी मला सांगितलेले जसेच्या तसे देतो. "मास्तर, बंदुका चार आन्‌ आम्ही चाळीस. गोळ्या तर मोजून. मग नळीवर हाली आणा ठेवायचा आन्‌ रिकामा चाप दाबायचा. आणा पडला की पुन्हा पहिल्यापासून. आठ-आठ दिवस आमी गोळी बघितली नाही." हाली म्हणजे निजामाचा स्वतःचा सिक्का. निजामाचे नाणे निजामाविरुद्धच्या सरावाला वापरले जात होते याचे त्यांना ऐंशीच्या पुढेही हसू येई.

हे ऐकून मी चकित झालो, कारण आज ऑलिंपिकची तयारी करणारा प्रत्येक नेमबाज हेच करतो. त्याला कोरडा सराव म्हणतात. हत्यार पूर्ण रिकामे आहे याची दोनदा खात्री करून, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, चाप दाबताना माशी हलते का ते पाहायचे. गोळी सुटण्याच्या क्षणी आवाज आणि धक्का यांच्या भीतीने मनगट नकळत झुकते. हा दोष गोळी झाडून कळत नाही, रिकाम्या चापावरच कळतो. गरिबीने लादलेला सराव तंत्राच्या दृष्टीने सर्वांत उत्तम होता. मात्र तो एकट्याने पुरत नाही. शेवटी खरी गोळी झाडून पाहावी लागतेच, आणि ती संधी फार थोड्यांना मिळाली. कॅम्पांत पिस्तूल असलेच तर पुढाऱ्याच्या कमरेला. बाकीच्यांच्या हाती ठासणीच्या बंदुका, भाले, कुऱ्हाडी. समोरच्या रझाकारांचीही स्थिती बहुतांशी तीच. निजामासाठी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने हत्यारे आणत होता, पण आलेल्या प्रत्येक बंदुकीमागे ती चालवायला शिकलेला माणूस त्याला आणता येत नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गच्या वाटेने आत आली आणि १७ तारखेला सगळे संपले.

संपले, असे आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला म्हणतो. त्याच्या पुढचे पान वाचत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस या भागात फिरून जो अहवाल दिला तो कित्येक दशके दडवून ठेवलेला होता. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या त्यांनी २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरली. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातुरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली आणि गावातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार तिथे उरलेले आढळले, अशी त्या अहवालातली नोंद आहे. रझाकारांनी ज्यांची घरे जाळली त्यांच्या यातना खऱ्या होत्या. ज्यांनी रझाकारांना कधी थारा दिला नव्हता अशा कच्छी व्यापाऱ्यांचे आणि विणकरांचे मरणही खरे होते. स्वसंरक्षणासाठी उचललेले हत्यार धोका टळल्यावर खाली ठेवायचे असते, हे कॅम्पात कुणी शिकवले होते का? त्या वृद्धांना मी हे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, चहा मागवला.

त्याच १९४८ च्या ऑगस्टमध्ये, आपल्याकडे रझाकारी ऐन भरात असताना, लंडनच्या ऑलिंपिकमध्ये एका हंगेरियन माणसाने पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. कारोय ताकाच त्याचे नाव. सैन्यात असताना १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात, म्हणजे नेमाचा हात, गेला. त्याने कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि दहा वर्षांनी २५ मीटर शीघ्र पिस्तुलात जग जिंकले. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा. खाशाबा जाधवांचे कांस्य त्याच हेलसिंकीचे.

स्वतंत्र भारतात पिस्तुलाला खेळाचे घर मिळाले ते १९५१ साली, राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, कर्मभूमी अहमदाबाद, गांधीजींचे अनुयायी. गांधीवादी माणसाने नेमबाजीची संघटना काढावी याचे अनेकांना नवल वाटते. मला ते अगदी सुसंगत वाटते. हत्यार माळ्यावर आणि कमरेला राहण्यापेक्षा चांदमारीवर, नियमांत, पंचांच्या देखत राहिलेले बरे, हे कायदा जाणणाऱ्या माणसाला पटणारच. नव्या नेमबाजांची मोठी स्पर्धा आजही मावळणकरांच्या नावाने भरते.

त्या रोपाला मराठी फळे यायला पन्नास वर्षे लागली. अंजली भागवत यांची रायफल सर्वांना ठाऊक आहे, तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे विश्वविजेतेपदही. पिस्तुलाकडे मात्र आपले लक्ष कमी. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात पहिली आली अनिसा सय्यद आणि दुसरी राही सरनोबत. एक सातारा जिल्ह्यात जन्मून खडकीत वाढलेली, दुसरी कोल्हापूरची. दोघींनी मिळून जोडीचे सुवर्णही आणले. राहीने २०१३ साली कोरियातल्या चांगवॉन इथे विश्वचषकात सुवर्ण मिळवले. पिस्तुलात असे करणारी ती पहिली भारतीय. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत थायलंडच्या मुलीशी ३४ गुणांवर बरोबरी झाली आणि निकालासाठी दोनदा जादा फैरी झाडाव्या लागल्या. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली.

या खेळाच्या दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद नाहीसे होते. हात खाली ४५ अंशांत ठेवायचा. लक्ष्य दिसले की उचलायचा, माशी जुळवायची, चाप दाबायचा, एकच गोळी. असे तीस वेळा. लढाईतल्या पिस्तुलाचा हा सर्वांत जवळचा खेळरूप अवतार. दिवसाला शेकडो गोळ्या झाडणाऱ्या मुलींनाही यात दहाचा चांद चुकतो. आता कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणाऱ्या माणसाला, समोरून कुणी कोयता घेऊन धावत आल्यावर, त्या तीन सेकंदांत काय जमेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

हा हिशेब आमच्या भागात आज फार महत्त्वाचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे आणि नेमबाजीचे प्रशिक्षण घातले. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच हत्यारे ठेवली आणि आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणे हा शिक्षेचा गुन्हा ठरवला. स्वतःच्या जिवाच्या रक्षणाचा हक्क जुन्या दंड संहितेत होता, तो नव्या न्याय संहितेतही आहे. मात्र गरजेपुरतेच बळ, ही अटही तशीच आहे. तरीही शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या परवान्यांचा प्रश्न २०२५ च्या सुरुवातीला राज्यभर गाजला आणि अनेक परवाने रद्द झाले. जमिनीचे वाद, गुत्तेदारी, राजकारण यांतून परवाना ही प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. ठराविक शक्तीच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, दहा मीटरचा पत्र्याचा आडोसा त्याला पुरतो, शिसाची गोळी साडेचार मिलिमीटरची आणि स्वस्त. पण त्याकडे आमचे बागायतदार वळत नाहीत, कारण ते कमरेला शोभत नाही.

रेणापूरची रेणुकादेवी प्रसिद्ध आहे, नवरात्र इथे जोरात असते. खंडेनवमीला घरोघरी विळा, कोयता, पाना, ट्रॅक्टर यांची पूजा होते. काही घरांत पाटावर पिस्तूलही असते. गेल्या वर्षी अशाच एका ओळखीच्या घरी मी परवानाधारकाला विचारले, "दादा, घेतल्यापासून किती वेळा चालवलं?" त्यांनी हळदकुंकू लागलेली काडतुसांची डबी माझ्यापुढे उघडली. ती दुकानातून आणली तेव्हा होती तेवढीच भरलेली होती. पिस्तूल घेऊन त्यांना अकरा वर्षे झाली आहेत.